बोल्ट का तुटला?



आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो पगारवाढ, संप, नाहीतर कामगार कायदे यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही बोलणार आहोत ते एका बोल्टवर. बाजारात त्याची किंमत चहाच्या दोन कपांइतकी. पण या बोल्टपायी एका माणसाची अब्रू जायची वेळ आली होती, आणि ती घालवायला निघालेल्या मंडळींत आम्हीही होतो. म्हणून ही हकीकत सांगणे आम्हांला प्राप्त आहे.

आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फिटर खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा बोलण्यात पांडित्य सापडणार नाही. चूक सापडली तर ती अवश्य दाखवावी.

आम्हांला कोन गाव ठाऊक झाले ते गिरणी कामगारांच्या घरांमुळे. पनवेलहून जुन्या महामार्गाने पुण्याकडे निघाले की पळस्पे मागे टाकल्यावर कोन लागते. रसायनीकडे जाणारा रस्ता येथूनच फुटतो, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही शेजारूनच जातो. येथील २,४१७ घरांची सोडत म्हाडाने २०१६ साली गिरणी कामगार व त्यांचे वारस यांच्यासाठी काढली. आमचे वडील मुंबईच्या गिरणीत साच्यावर होते आणि १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली. त्यामुळे या घरांच्या कामासाठी आमच्या कोनच्या खेपा सुरू झाल्या. त्या खेपांत एका बंद पडलेल्या कारखान्यातले पाच कामगार भेटले. त्यांची गोष्ट तीच ही.

पावसाळा सरला की कोनच्या आसपास मोकळ्या प्लॉटांवर, पडीक खाचरांत आणि वरकस जमिनीवर कमरेएवढे गवत उभे असते. त्यात टाकळा, घाणेरी आणि रानमोडी यांची भर. दिवाळीनंतर हे सारे वाळले की वणव्याची धास्ती. हे रान साफ करून देण्याचे काम घ्यावे, असा विचार या पाच जणांनी केला. ट्रॅक्टर भाड्याने ठरवला. त्याच्या मागे लावायचे कापणी यंत्र मात्र जुने विकत घेतले. पैसे थोडे कारखान्याच्या हिशेबातले, थोडे घरच्या बायकांच्या भिशीतले. अशा पैशाने घेतलेली वस्तू बंद पडली म्हणजे नुसते लोखंड बंद पडत नाही, हे येथे बसलेल्या भगिनींना सांगायला नको.

आता हे यंत्र कसे असते ते पाहू. त्याला बाजारात 'रोटरी स्लॅशर' म्हणतात. शेतात पाहिलेले नसेल तर असे समजा, की एक मोठा लोखंडी पाट उपडा ठेवला आहे आणि त्याच्या पोटात छताच्या पंख्यासारखी दोन जाड पाती जमिनीला समांतर फिरत आहेत. अमेरिकेतील अलाबामा राज्यात सेल्मा गावी १९५१ साली 'बुश हॉग' या नावाने असे यंत्र निघाले आणि तेथे पुढे हे नावच यंत्राला पडले. पाती फिरवायची शक्ती ट्रॅक्टरच्या पाठीमागे असलेल्या एका दांड्यातून मिळते. त्याला आपले चालक 'पीटीओ' म्हणतात. ही सोय ट्रॅक्टरवर बाजारात आली ती १९१८ च्या सुमारास.

पीटीओचा दांडा ठरलेल्या वेगात मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्या दांड्याला जोडलेला लांब शाफ्ट कापणी यंत्राच्या गिअरबॉक्समध्ये जातो. गिअरबॉक्स दोन कामे करतो. आडवी फेरी उभ्या आसावर वळवतो आणि तिचा वेग वाढवतो. आमच्या या यंत्रात शाफ्टच्या एका फेऱ्याला पात्यांचे सुमारे पावणेदोन फेरे होत, म्हणजे मिनिटाला ९४५. पात्यांचा घेर पाच फुटांचा. हिशेब केला तर पात्याचे टोक सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटरच्या आसपास धावते. द्रुतगती मार्गावरची मोटारही त्याच्यापुढे सावकाश म्हणावी लागेल.

एवढ्या वेगात फिरणारे पाते गवतात दडलेल्या दगडावर आदळले तर काय होईल? कोठेतरी काहीतरी तुटणारच. काय तुटावे हे यंत्र रचणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. शाफ्ट जेथे गिअरबॉक्सला मिळतो तेथे एक मऊ पोलादाचा बोल्ट आडवा घातलेला असतो. त्याला 'शिअर बोल्ट' म्हणतात. भार हद्दीबाहेर गेला की तो कातरला जातो, शाफ्ट मोकळा फिरतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तुमच्या घरातल्या विजेच्या फ्यूजचे जे काम, तेच याचे. तो तुटावा म्हणूनच घातलेला असतो.

आमच्या मंडळींच्या यंत्रात हा बोल्ट पहिल्या दिवशी दोनदा तुटला. दुसऱ्या दिवशी तीनदा, आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चारदा. प्रत्येक वेळी काम थांबायचे, कोणीतरी पनवेलला मोटारसायकल पिटाळायचा, आणि ट्रॅक्टरचे भाडे मात्र चालूच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक बसली. ट्रॅक्टर चालवणारा गडी पाचांत वयाने लहान आणि स्वभावाने अबोल. 'याचा हात जड आहे, हा पाती बांधावर घालतो,' असे एकाने म्हटले. दुसऱ्याने दुजोरा दिला. बोल्टांची किंमत आणि वाया गेलेले भाडे त्याच्या वाट्यातून कापावे असे ठरले. आम्ही त्या बैठकीला होतो. कारखान्यात मालकाने असे केले असते तर आम्ही दारात घोषणा दिल्या असत्या. येथे गप्प बसलो.

नुसते गप्प बसलो नाही. शहाणपण म्हणून दुसऱ्या दिवशी पनवेलहून एक कडक बोल्ट आणून दिला. बोल्टच्या डोक्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. ४.६ म्हणजे साधा आणि ८.८ म्हणजे कडक. ताण सोसण्याची याची ताकद साध्याच्या दुप्पट. 'आता बघू कसा तुटतो ते,' असे आम्हीच म्हणालो.

आणि खरेच, बोल्ट दीड दिवस तुटला नाही. दीड दिवसाने गिअरबॉक्समधून कड असा आवाज आला आणि पाती थांबली. आत गिअरचे दोन दाते उडाले होते. चहाच्या दोन कपांचा बोल्ट वाचला. भिशीचे पैसे गेले.

त्या रात्री झोप लागली नाही. युनियनच्या कामात आम्ही शेकडो चौकशांना बसलो आहोत. चौकशीचा क्रम आम्हांला पाठ आहे. आधी आरोप नेमका काय ते लिहायचे, मग ज्याच्यावर आरोप त्याचे म्हणणे ऐकायचे, मग पुरावा पाहायचा आणि शिक्षेचा विचार सर्वांत शेवटी करायचा. येथे आम्ही शिक्षेपासून सुरुवात केली होती. सकाळी उठून कोनला गेलो आणि त्या चालकाला विचारले, "बोल्ट नेमका केव्हा तुटतो?"

तो म्हणाला, "मोकळ्यातच तुटतो, काका. गवतात नाही. बांध आला की मी यंत्र उचलतो, तेव्हा तुटतो."

"मग हे त्या दिवशी का नाही बोललास?"

"कोणी विचारलं नाही."

या दोन वाक्यांत अर्धे निदान होते. बोल्ट दगडावर आदळून तुटत असता तर तो पाती गवतात असताना तुटला असता. पाती हवेत फिरत असताना तुटतो, याचा अर्थ दोष गवतात नाही, जमिनीत नाही आणि पाती आदळवणाऱ्या हातातही नाही. दोष शक्ती येण्याच्या वाटेवर आहे. मग आम्ही ओळखीच्या एका जुन्या फिटरला सोबत घेतले आणि ट्रॅक्टरपासून पात्यांपर्यंत ही वाट एकेक पाऊल तपासली. हाच क्रम कोणत्याही यंत्राला लागू पडतो, म्हणून तो सविस्तर सांगतो.

हात लावण्यापूर्वी पीटीओ बंद केला, इंजिन बंद केले, किल्ली चालकाने स्वतःच्या खिशात ठेवली. शक्ती तोडल्यावरही पाती काही वेळ स्वतःच्या वेगाने फिरत राहतात, ती पूर्ण थांबू दिली. मग यंत्र उचलून त्याखाली लाकडी ओंडके रचले. ट्रॅक्टरची उचल तेलाच्या दाबावर असते आणि तो दाब केव्हा सुटेल याचा नेम नाही. तिच्या भरवशावर यंत्राखाली शिरणे म्हणजे जीव टांगणीला लावणे होय.

पहिला मुक्काम शाफ्टचा. हा शाफ्ट एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक चौफुलीचा सांधा असतो. मिस्त्री त्याला 'क्रॉस' म्हणतात. यंत्र वरखाली झाले तरी फेरा पोचावा यासाठी ही योजना. पण या सांध्यात एक खोड आहे, आणि ती सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने दाखवून दिली. सांधा सरळ रेषेत असेल तर वेग जसाच्या तसा पुढे जातो. तो कोनात वाकला की मात्र पुढचा दांडा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३० अंशांच्या कोनात हा फरक शेकडा १३ ते १५ इतका पडतो. यावर उपाय म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरा सांधा असतो. पहिल्याने जितके पुढे ढकलले, तितकेच दुसरा मागे खेचतो आणि फेरा पुन्हा सारखा होतो.

परंतु हे साधते केव्हा? मधल्या नळ्यांच्या दोन्ही टोकांची दुबेळकी एका ओळीत असतील तेव्हाच. नळ्या वेगळ्या करून पुन्हा घालताना त्या पाव फेऱ्याने फिरल्या, तर दुसरा सांधा पहिल्याची चूक भरून काढण्याऐवजी दुप्पट करतो. आमच्या यंत्रात नेमके हेच झाले होते. विकणाऱ्याने कधीतरी ग्रीस भरण्यासाठी शाफ्ट काढला असावा आणि घालताना नळी चुकीच्या बाजूने बसवली असावी. सरळ जमिनीवर चालताना सांधे फारसे वाकत नव्हते, म्हणून दोष दिसत नव्हता. पण कोनची जमीन भाताच्या खाचरांची. दर थोड्या पावलांवर बांध. बांध आला की चालक यंत्र उचलणार, सांधे वाकणार आणि जड पात्यांना सेकंदाला अठरा हिसके बसणार. तो बिचारा बोल्ट या हिसक्यांनी थकून तुटत होता. गवताशी त्याचा काही संबंध नव्हता.

आमचा कडक बोल्ट थकला नाही. मग ते हिसके पुढे गिअरच्या दात्यांनी सोसले. संकट आम्ही टाळले नव्हते, दुसऱ्याच्या अंगावर ढकलले होते.

शाफ्टवर आणखी दोन गोष्टी पाहिल्या. नळ्या पूर्ण आत गेल्यावरही थोडी जागा उरली पाहिजे, नाहीतर यंत्र उचलताना शाफ्ट दोन्ही बाजूंची बेअरिंगे रेटतो. आणि पूर्ण ताणल्यावर एक नळी दुसरीत निदान एक तृतीयांश तरी राहिली पाहिजे, नाहीतर ती निसटते. आमचे माप बरोबर होते. क्रॉस मात्र ग्रीसविना कोरडे होते. कामाच्या दर आठ तासांनी तेथे ग्रीस लागते. काही यंत्रांत बोल्टऐवजी घसरता क्लच असतो. तो पावसाळाभर उभा राहिला की गंजून चिकटतो आणि घसरण्याचे आपले काम विसरतो. हंगामापूर्वी त्याच्या कमानी सैल करून तो एकदा घसरवून पाहावा लागतो.

दुसरा मुक्काम गिअरबॉक्सचा. तेल काढून बोटावर घासून पाहावे. दुधासारखे झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. चंदेरी कण चमकत असतील तर दाते किंवा बेअरिंग झिजत आहे. खालून तेल गळत असेल तर नवे ऑइल सील आणण्यापूर्वी खालच्या दांड्याभोवती पाहावे. आम्हांला तेथे कुंपणाची तार आणि नायलॉनची दोरी मुठीएवढी गुंडाळलेली सापडली. तिनेच सील कापले होते. नवे सील घालून तार तशीच ठेवली असती, तर आठवड्यात पुन्हा गळती लागली असती. गिअरबॉक्सच्या डोक्यावर श्वास घेण्याचे बारीक भोक असते, ते चिखलाने बुजले तरी आतला दाब वाढून तेल सीलमधून बाहेर येते. आणि तेल खुणेपर्यंतच भरावे. जास्त भरले तर ते तापते आणि बाहेर पडते.

तिसरा मुक्काम पात्यांचा. मंडळींची तक्रार होती की यंत्र थरथरते. फिटरने दोन्ही पाती काढून शेजारच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. विकणाऱ्याने एकच पाते नवे घातले होते. दोहोंत शंभर ग्रॅमचा फरक. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण आसापासून ६० सेंटिमीटरवर, मिनिटाला ९४५ फेऱ्यांत, या शंभर ग्रॅमचा बाहेरचा ओढा ६० किलो वजनाइतका होतो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या दांड्याला लोंबकळून सेकंदाला पंधरा-सोळा वेळा त्याला चहूकडून हिसडतो आहे. बेअरिंगे आणि बोल्ट यांचे काय होणार? म्हणून पाती नेहमी जोडीने बदलावी, आणि ती ज्या बोल्टवर झुलतात ते बोल्टही झिजले असतील तर सोबतच बदलावे.

गवत कुरतडल्यासारखे कापले जात असेल तर पहिला संशय पात्यांच्या धारेवर जातो. बहुधा दोष वेगाचा असतो. डिझेल वाचवायला इंजिन मंद ठेवले की पाती मंदावतात, आणि ट्रॅक्टर घाईने पुढे काढला की पात्यांना वेळ मिळत नाही. इंजिन पूर्ण वेगात आणि चाल सावकाश, हा नियम. यंत्राची पुढची कड मागच्यापेक्षा बोटभर खाली असावी, म्हणजे कापलेले गवत पुन्हा पुन्हा कापण्यात शक्ती जात नाही.

या साऱ्या तपासातून आम्ही जी पद्धत शिकलो ती तीन प्रश्नांची आहे. दोष केव्हा दिसतो? भारात की मोकळ्यात, सरळ चालीत की उचलताना? शक्तीच्या वाटेवर तो कोणत्या मुक्कामापासून पुढे दिसतो? आणि दोष सुरू होण्यापूर्वी कोणी काय बदलले होते? यांतला पहिला प्रश्न ज्याचा हात यंत्रावर असतो त्यालाच विचारावा लागतो. त्याला आधीच आरोपी ठरवले तर तो उत्तर देत नाही, आणि मग सगळे निदान अंधारात चालते.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या दारी ट्रॅक्टर नाही. पण घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे आपल्यांत कितीतरी असतील. तार वितळत नाही, आणि मग एके दिवशी भिंतीतली वायर पेटते. आम्ही कोनला केले ते हेच.

एक गंभीर गोष्ट सांगणे अवश्य आहे. आमच्या यंत्राच्या शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण विकणाऱ्याकडेच हरवले होते आणि ते नाही याची खंत कोणालाच नव्हती. उघडा शाफ्ट ८ सेंटिमीटर जाडीचा धरला तरी तो सेकंदाला सव्वादोन मीटर कापड गुंडाळतो. गळ्यातला गमछा किंवा साडीचा पदर अडकला तर ओरडायलाही उसंत मिळत नाही. आपल्या देशात मळणी यंत्रांत हातपाय गमावणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पण कायदा अपघातानंतर भरपाईची वाट दाखवतो. हात परत देत नाही. म्हणून सर्वांत आधी आम्ही ते आवरण विकत घेतले, गिअर त्यानंतर.

दुरुस्तीला दोन आठवडे गेले. खर्चाची बैठक बसली तेव्हा आम्ही उठून सांगितले, की कडक बोल्ट आमचा होता, तेव्हा पहिला वाटा आमचा. चालकाच्या वाट्यातून काही कापायचे नाही, आणि त्याच्याबद्दल जे बोलले गेले ते त्याच्यासमोर परत घ्यायचे. मंडळींनी मोकळ्या मनाने ते मान्य केले. उरलेला खर्च पाचांनी सारखा वाटून घेतला. चालकाने एवढेच म्हटले, की पुढल्या वेळी जुने यंत्र घेताना मला सोबत न्या.

आता बांध आला की तो आधी पीटीओ बंद करतो, मग यंत्र उचलतो. हत्यारांच्या डब्यात साधे बोल्ट दहा-बारा ठेवलेले असतात. गेल्या हंगामात त्यांतले तीन तुटले. एकदा गवतात हद्दीचा दगड होता, एकदा कोणी टाकलेला लोखंडी पाइप, आणि एकदा जुन्या झाडाचा बुंधा. तिन्ही वेळा सगळे खाली उतरले, काय अडले ते पाहिले, ते दूर केले, नवा बोल्ट घातला आणि अर्ध्या तासात काम पुढे सुरू झाले.